तुरा येण्याआधी

"मॅडम, ढोरं हलून नाही राह्यले," देवसिंग दारातूनच म्हणाला.

पद्मजाने मायक्रोस्कोपवरून मान वर केली. "कुठली ढोरं?"

"आमच्या तांड्याची. तलावावर पानी पाजाले नेत होते. आपल्या तारेपाशी आले अन् उभेच राह्यले. मारलं तरी हलत नाहीत."

देवसिंग राठोड हा चारा संशोधन केंद्राचा रोजंदारीवरचा चौकीदार. आवाज न चढवणारा माणूस. पण आज तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता आणि आत यायला तयार नव्हता. पद्मजाने हातातली सुई खाली ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती व्हरांड्यात आली.

काटेरी तारेच्या पलीकडे गुरांची रांग लागली होती. चाळीसेक तरी असतील. गाई, बैल, दोन-चार वासरं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. एकही हंबरत नव्हतं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, तारेच्या आतल्या अर्ध्या एकराकडे.

तो अर्धा एकर हिरवा होता. नेर रस्त्याला त्या दिवशी दुसरं काहीही हिरवं नव्हतं. सन दोन हजार चारचा जुलै लागला होता. जूनच्या सुरुवातीला पावसाने तोंड दाखवलं, लोकांनी घाईघाईने सरकी टोबली, आणि मग पाऊस जो गेला तो गेलाच. उगवलेलं जळालं. गुरांचे हाल त्याहून वाईट. पूर्वी या भागात घरटी ज्वारी असायची, तिचा कडबा वर्षभर पुरायचा. मग सगळ्या वावरांत कापसाची पऱ्हाटीच पऱ्हाटी झाली आणि कडब्याच्या गंजी दिसेनाशा झाल्या. पऱ्हाटीची वाळकी काडी बैल किती दिवस चघळणार?

केंद्राच्या बोअरला मात्र अजून पाणी होतं, आणि त्या पाण्यावर पद्मजा पांढरीपांडेचं अंजन गवत उभं होतं.

एसटीचा कंडक्टर या जागेला 'गवताचं हापीस' म्हणायचा. पद्मजाच्या नात्यागोत्यातही तेच. यवतमाळच्या कोर्टात बेंचक्लार्क असलेल्या वडिलांनी तिला अमरावतीला बीएस्सी केलं ते शिक्षिका होईल म्हणून. ती झाली चारा केंद्रात संशोधन सहाय्यक, आणि लग्न, मुलगी, सासूचं आजारपण सगळं करून तिथेच राहिली. लग्नकार्यात कोणी विचारलंच तर तिचा नवरा नंदकिशोर हसून सांगायचा, "आमच्याकडे मी फायली खातो आणि ही गवत वाढवते." तीही हसायची. समजावून सांगायला वेळ लागला असता.

कारण अंजन गवताचा एक हट्ट असतो. ते पराग न घेताच बी धरतं. लेक हुबेहूब आईसारखी, नात लेकीसारखी. चांगला वाण चांगलाच राहतो ही त्यातली सोय. पण दोन वाणांचे गुण एकत्र आणायचे म्हटलं, तर दार बंद. क्वचित एखादं झाड मात्र पराग घेणारं निघतं. तसं एक केंद्राच्या डॉ. चारुदत्त देशकरांना सापडलं होतं. त्यावर दुष्काळातही तग धरणाऱ्या वाणाचा पराग टाकून त्यांनी संकर केला, आणि त्यातून दोनशेच्या आसपास ठोंब उभे राहिले. प्रत्येक वेगळा. निम्मे आईच्या वळणाचे, पराग घेणारे. निम्मे बापाच्या. कोण कुठल्या वळणाचा हे तुरा आल्याशिवाय कळायचं नाही. ते रोपाच्या कोवळ्या पानावरूनच कळलं, तर नवे वाण काढणाऱ्याची वर्षंच्या वर्षं वाचतील. म्हणून पानातला डीएनए काढून त्यात खूण शोधायची. मार्कर. जेलच्या थरावर अतिनील प्रकाशात एक रेघ दिसते, किंवा दिसत नाही.

सगळ्या ठोंबांच्या रेघा पद्मजाने पाहून ठेवल्या होत्या. आता हवे होते तुरे. प्रत्येक ठोंबाचा एक, उमलायच्या थोडा आधीचा, पानाच्या कुशीतून अर्धवट बाहेर आलेला. तो औषधात बुडवायचा, नंतर मायक्रोस्कोपखाली त्यातली बीजांडं उघडून पाहायची आणि रेघेशी ताडून घ्यायची. दोन्ही जुळलं की खूण पक्की. पाच वर्षांचं काम या एका फुलोऱ्यावर येऊन थांबलं होतं, आणि जांभळट तुरे नुकते कुठे डोकं काढायला लागले होते.

ती तारेपाशी गेली. गुरांच्या मधून लाल पागोट्याचा एक म्हातारा पुढे आला. तांड्याचा नायक, भीमसिंग.

"राम राम, बाई."

"राम राम, नायक. ही जनावरं इथून हलवा ना. तलाव पुढे आहे."

"पानी पेले ते. भूक कुठं पेते पानी?" भीमसिंगने तारेवर हात ठेवला. "हे गवत कायचं आहे?"

"संशोधनाचं आहे."

"खाते ढोर?"

खोटं बोलता आलं असतं. विषारी औषध मारलंय म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. पद्मजाला ते सुचलंसुद्धा, पण नेमकं नको तेव्हा तिच्या तोंडून खरं निघायचं.

"खातात."

"मंग झालं," भीमसिंग म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ती जास्त घाबरली. "सरकारचा चाऱ्याचा ट्रक कालच येनार होता. तो महागावले वळवला म्हनते. आता परवा येईन. दोन दिवसाचा सवाल आहे, बाई. दोन दिवस काढले तं वाचतीन. नाई तं कातड्यावाल्याले बलवा लागते."

"माझ्या हातात नाही हे."

"कोनाच्या हातात आहे?"

ती ऑफिसात आली. डॉ. देशकर हैदराबादला बैठकीला गेले होते. गेस्ट हाऊसचा नंबर लावता लावता तिचं बोट दुखायला लागलं. शेवटी लागला.

"पद्मजाताई, एक पानसुद्धा जाता कामा नये," त्यांनी सगळं ऐकून घेऊन सांगितलं. "पुढच्या महिन्यात आढावा आहे. इथे सगळे कापूस कापूस करताहेत. गवतावर पैसा का घालता म्हणून मलाच विचारतात. तुऱ्यांचे आकडे दाखवले नाहीत तर आपण संपलो. पोलिसांना फोन करा."

"सर, ते लोक दंगा करत नाहीयेत. नुसते उभे आहेत."

त्यांनी विचारलं, "किती जनावरं?"

"चाळीस तरी."

"अवघड आहे," ते हळू म्हणाले. "पण मी हो म्हणू शकत नाही. तुम्हीही म्हणू नका."

फोन ठेवून तिने नेरच्या ठाण्याचा नंबर काढला. बोट डायलवर होतं तेव्हा खिडकीतून तिला एक तांबडी गाय खाली बसताना दिसली. आधी पुढचे गुडघे, मग सगळं अंग. माणसं धावली. शेपटी पिळली, पोटाखाली बल्ली घालून उचलायला पाहिलं. गाय वर आली आणि पुन्हा बसली. एका बाईने मातीत बसकण मारून तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती नायकाची बायको, मानीबाई. काचा लावलेल्या ओढणीने ती गाईच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकत होती.

पद्मजाने रिसीव्हर खाली ठेवला. मग पुन्हा उचलून बाजूला काढून ठेवला.

ती फाटकापाशी आली. तिचा आवाज वर्गातल्या बाईसारखा निघाला. "नायक, ऐका. आत एकही जनावर येणार नाही. खुराखाली ठोंब मेला की तो गेला. इळ्याने कापला तर पुन्हा फुटतो. मला प्रत्येक ठोंबाचा एक तुरा काढून घेऊ द्या. मग कापा."

"कितीक वेळ?"

"एकटीला दोन दिवस लागतील."

"दोन दिवस!" मागून एक तरणा गडी ओरडला. हा भीमसिंगचा मुलगा पूनमसिंग. "तवापोत मरतीन ना ते! बा, कायले हिच्या नादी लागून राह्यला? तार का लोखंडाची भिंत आहे?"

"चूप बस," मानीबाई गाईपासून न उठता म्हणाली. मग पद्मजाकडे पाहून, "बाया देतो मी तुले. कितीक पाह्यजे? आमच्या बायांचे हात काही पांगळे नाहीत. दिवस मावळ्याच्या आंधी करू. चालते?"

"चालते," पद्मजा म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते तिला बोलल्यानंतर कळलं.

पंधरावीस बाया फाटकातून आत आल्या. पद्मजाने एका ठोंबापाशी बसून दाखवलं. हा तुरा उमललेला, नको. हा अजून पोटात, हाही नको. हा, अर्धा बाहेर आणि अर्धा पानाच्या म्यानात, हा हवा. देठासकट खुडायचा. ठोंबाशी ॲल्युमिनियमची पट्टी आहे, तिच्यावरचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा, आणि तुरा नि चिठ्ठी एकाच बाटलीत.

"आकडे कोन लिहीन?" एकीने विचारलं, आणि बाया हसल्या. त्या दिवशीचं ते एकदाच हसणं.

"मी लिहितो ना," पूनमसिंगची बायको वर्षा पुढे झाली. दहावीपर्यंत पुसदच्या आश्रमशाळेत शिकलेली. तिने झंपरात खोचलेला बॉलपेन काढला.

"पेन नको, पेन्सिल," पद्मजा म्हणाली. "शाई औषधात विरघळते. मग कोणाचा तुरा कोणता, काही कळणार नाही."

काम सुरू झालं. बाया खुडत होत्या, वर्षा आणि देवसिंग आकडे लिहीत होते, पद्मजा बाटल्या भरत होती. फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुरुवातीला ती प्रत्येक तुरा निरखून घेत होती. मग निरखायला वेळ उरला नाही. हिरवा वास आता तारेपलीकडे पोचला होता, आणि इतका वेळ गप्प असलेली गुरं हंबरायला लागली. आधी एक वासरू. मग सगळीच. त्या आवाजात काम करणं म्हणजे कोणी दार बडवत असताना दोरा ओवण्यासारखं होतं.

"हा कुठला?" पद्मजाने एका बाईच्या ओंजळीत दोन तुरे पाहिले. "दोन कसे? चिठ्ठी कुठंय?"

"हे काय, हा त्या बाजूचा, हा त्याच्या बाजूचा..."

"कोणत्या बाजूचा? अहो, नंबर पाहून खुडा म्हटलं ना मी! असं केलं तर काय उपयोग त्याचा?" ती ओरडली. बाई तिच्याकडे पाहतच राहिली. मग त्या बाईने तारेकडे पाहिलं, तिथे तिची गाय होती, आणि ती पुन्हा खाली वाकली. पद्मजाला वाटलं आपण हात जोडावेत. पण हात औषधात होते.

ऑफिसात साहेबांच्या खोलीतला दुसरा फोन वाजत होता. वाजून थांबला, पुन्हा वाजला. कोणीही तिकडे गेलं नाही.

बाटल्या संपल्या. मग चहा-साखरेच्या बरण्या आल्या, प्रत्येक तुऱ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधून एकेका बरणीत पाच-सहा. दुपार चढली. निम्म्याहून जास्त वाफे झाले असतील-नसतील, तोच पूर्वेच्या कोपऱ्यातून आरडाओरड झाली.

पूनमसिंगने पकडीने तार तोडली होती.

सात-आठ गुरं आत घुसली. त्यांना पळायचंही त्राण नव्हतं, पण तोंडं लागली तशी ती थांबेनात. मुळासकट ओढत होती, आणि जे ओढत नव्हती ते खुरांखाली जात होतं. पद्मजा पळत सुटली. दोन्ही हात पसरून एका शिंगाड्या बैलासमोर उभी राहिली. बैलाने तिला बाजूला ढकललंही नाही. तो तिच्या पायापाशी खात राहिला, जणू ती तिथे नव्हतीच.

"देवसिंग!"

देवसिंग काठी घेऊन आला. आला आणि थबकला. पद्मजाला वाटलं तो भ्यायला. मग तिला कळलं. तो बैल आणि त्याच्या मागचा दुसरा, दोन्ही देवसिंगचेच होते.

"हट," तो म्हणाला, अगदी हळू. बैलाने कान हलवला. मालकाचा आवाज ओळखून मान वर केली, तोंडातून दोन्हीकडे हिरव्या काड्या लोंबत होत्या. देवसिंगने काठी उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. मग पाठीवर, मग पुन्हा तोंडावर. "हट! हट म्हनतो ना! हट, बाप्पा!" बैल मागे सरत गेला, तोंडातलं न सोडता. दुसऱ्यालाही त्याने तसंच मारत नेलं. मग बाकीची. शेवटचं वासरू बाहेर काढलं तेव्हा तो तारेच्या खांबाला टेकला आणि त्याने तोंड फिरवलं.

भीमसिंग तोपर्यंत तिथे पोचला होता. त्याने मुलावर हात उचलला नाही. तुटलेल्या तारेची दोन टोकं उचलून त्याच्या दोन हातांत दिली.

"धरून बस."

"बा..."

"दिवस मावळेपोत सोडली तं पाह्यजो."

पूनमसिंग मातीत बसला, दोन्ही हात ताणून, तार धरून. वर्षाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा आकडा लिहिला.

सावल्या लांबल्या तेव्हा हिशोब असा होता, की चारातले तीन भाग ठोंब झाले होते. पूर्वेच्या कोपऱ्यातले काही खुराखाली गेले. आणि एक पट्टा असा राहिला, ज्याचे तुरे अजून पोटातच होते. उशिरा फुलणारे ठोंब. त्यांना आणखी आठवडा तरी हवा होता.

"तेवढे ठेवा," पद्मजा म्हणाली. "बाकी सगळं कापा."

भीमसिंगने मान हलवली. बायांच्या कमरेचे इळे निघाले. इतका वेळ ज्या हातांना 'जपून, जपून' म्हटलं होतं, ते हात आता मोकळे सुटले, आणि बघता बघता वाफे उतरत गेले. गवत फाटकाबाहेर आणून ढीग केला. नायकाने स्वतः वाटणी केली. बसलेल्या तांबड्या गाईला पहिली कवळी. मानीबाईने काड्या हाताने तिच्या तोंडात सारल्या. बराच वेळ गाय नुसत्या काड्या धरून राहिली. मग जबडा हलला.

एकेक घर पुढे येत होतं, कवळी घेऊन आपल्या गुरांकडे जात होतं. हंबरणं थांबलं. आता नुसता चावण्याचा आवाज येत होता, चाळीस तोंडांचा. ढीग खाली गेला आणि संपला.

देवसिंग रांगेत आला नव्हता. तो फाटकाच्या आत, कडीला हात लावून उभा होता. त्याचे दोन बैल सगळ्यांच्या मागे बांधलेले. त्यांच्यासमोर काही नव्हतं.

"देवसिंग, तुमचं?" पद्मजाने विचारलं.

"त्यायनं खाल्लं ना दुपारी," तो म्हणाला. "चोरून."

भीमसिंगने नजर वळवली ती तेवढ्या उरलेल्या पट्ट्याकडे गेली आणि तिथून त्याने ती लगेच काढून घेतली. शब्द दिला होता. मागायला कोणी येणार नव्हतं. पद्मजाने त्या पट्ट्याकडे पाहिलं. उशिरा फुलणारे ठोंब कोणत्या वळणाचे निघतात, याची तिला गेली दोन वर्षं उत्सुकता होती. रात्री झोप लागली नाही की ती त्यांचाच विचार करायची. नंदकिशोरला सांगितलं असतं तर त्याला ते वेडेपणाचं वाटलं असतं.

ती मानीबाईपाशी गेली. "तुमचा इळा द्या."

"काहून?"

"द्या तर."

तिने आयुष्यात ठोंब मोजून, नोंद करून, वीत सोडूनच कापले होते. त्या संध्याकाळी तिने पट्ट्याच्या टोकाला बसून पहिला ठोंब कापला आणि म्हणाली, "या. कापा." मानीबाई तिच्या शेजारी येऊन बसली आणि दुसऱ्या ठोंबाला तिने हात घातला. "याडी," ती स्वतःशीच म्हणाली. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला म्हणतात तसं. गवताला म्हणाली, गाईला, की पद्मजाला, ते काही कळलं नाही.

पहिली कवळी देवसिंगच्या बैलांना गेली. पद्मजानेच नेली.

नंदकिशोर स्कूटर घेऊन आला तेव्हा त्याला फाटकात ओळखू न येणारी बायको दिसली. हात ओरबाडलेले, पातळाला चिखल, अंगाला फॉर्मॅलिनचा वास. "काय झालं?" त्याने विचारलं. ती म्हणाली, "गवत कापलं." तो नेहमीचं काहीतरी बोलणार होता. बोलला नाही. तिला मागे बसवून सावकाश गाडी चालवत राहिला.

चाऱ्याचा ट्रक परवा नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. तोवर तांड्याची दोन म्हातारी जनावरं गेली. बाकीची तगली. तांबडी गाय उठून उभी राहिली.

आणि खूणही आली, असं म्हणायला हवं. पद्मजाने महिनाभर त्या बाटल्या आणि बरण्या मायक्रोस्कोपखाली उलगडल्या. जवळजवळ सगळीकडे रेघ आणि तुरा जुळत होते. जिथे रेघ, तिथे बापाचं वळण. रेघ नाही, तिथे आईचं. पण चार-पाच ठिकाणी उलटं निघालं. ते खरंच तसं होतं, की त्या घाईत दोन तुऱ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या, हे सांगणं तिला शक्य नव्हतं, आणि कोणालाच शक्य नव्हतं. कापलेल्या ठोंबांना पुन्हा तुरे येईपर्यंत आढावा थांबणार नव्हता; उशिरा फुलणाऱ्यांचे तुरे हाती असते तर निकाल लागला असता. डॉ. देशकरांनी अहवालात 'बहुधा' असा शब्द घातला. आढाव्याच्या बैठकीत त्या एका शब्दावर प्रकल्प बंद झाला. ते तिच्यावर रागावले नाहीत. फक्त तिला पद्मजाताई म्हणायचे, ते पद्मजाबाई म्हणायला लागले.

पण त्याआधी चौकशी झाली. गवत कापल्यानंतर आठवड्याभरात मुख्यालयातून एक अधिकारी जीपने आले. थकलेले, सरळ माणूस वाटले. आधी त्यांनी देवसिंगला आत बोलावलं, मग तिला.

"चौकीदार म्हणतो, तार तुटली आणि जनावरांनी चरून टाकलं. त्याचा डोळा लागला होता म्हणे. तुम्ही त्या दिवशी आजारी म्हणून घरी होतात, असंही म्हणाला."

पद्मजाने दाराकडे पाहिलं.

"बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतो," अधिकारी चष्मा पुसत म्हणाले. "जनावरं शिरली, एवढ्यावर हे मिटतं. तो रोजंदारीवरचा माणूस, उद्यापासून येणार नाही, बस. तुमच्या नोकरीवर डाग लागायचं काही कारण नाही. मी असंच लिहू ना?"

बाहेर व्हरांड्यात देवसिंगच्या खोकल्याचा आवाज आला. मुद्दाम काढलेला.

"असं लिहू नका," ती म्हणाली. "मी इथेच होते. गवत माझ्या सांगण्यावरून कापलं. उरलेलं मी स्वतः कापलं. जनावरं आत आली होती ती देवसिंगनी बाहेर काढली, स्वतःची होती तरी काढली."

"कोणाच्या परवानगीने कापलं?"

"कोणाच्याच नाही. सरांनी नको सांगितलं होतं."

अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं. "बदली होईल तुमची. कापूस विभागात टाकतील. तिथे माणसं कमी आहेत."

"होऊ दे."

जीप गेली. देवसिंग निंबाच्या बुंध्यापाशी बसला होता. तिला पाहून उठला नाही.

"काहून सांगतलं तुमी?" तो चिडून म्हणाला. "मी तं बरोबर जमवलं होतं सगळं. जनमात साहेबापाशी झूट नाई बोललो. एक डाव बोललो तं तेही तुमी टिकू नाई देल्लं. आता तो साहेब मले झूटा समजीन."

"समजू दे."

"तुमाले काय होते. इज्जत माही गेली ना."

ती त्याच्याशेजारी, थोडं अंतर ठेवून, मुळावर बसली. दोघंही समोर पाहत राहिले. अर्धा एकर खुंटच खुंट, मध्ये पूर्वेकडचा तुडवलेला कोपरा. पावसाचं चिन्ह नव्हतं. एवढ्यात खांबावरचा दिवा लागला. लाइन आली होती.

देवसिंग उठला. पाणी दे असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो पंपाकडे गेला. मोटर गुरगुरली, पाइपातून आधी हवा आली, मग पाणी. ते कोरड्या दांडात शिरून वाळकी पानं पुढे ढकलत खुंटांकडे सरकायला लागलं.

दुसऱ्या वाफ्याच्या तोंडाशी एका ढेकळाला अडून ते फुगलं. पद्मजाने चपला काढल्या, पातळ वर धरलं आणि पायाने ढेकूळ बाजूला सारलं. पाणी वाफ्यात गेलं. ती त्याच्या बरोबरीने पुढच्या वाफ्याकडे चालत गेली.